घर, माळा आणि कोठार : उपद्रवी प्राण्यांची वाट कशी अडवावी

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या किनारी मार्गावर आरे-वारेचा जोडकिनारा लागतो. एका बाजूस समुद्र व सुरूचे बन, दुसऱ्या बाजूस जांभ्या दगडाचा डोंगर आणि त्याच्या माथ्यावरचा सडा. या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत माणसाची घरे, माडाच्या बागा, आंब्या-फणसाची झाडे व भाताची खाचरे दाटीने वसलेली आहेत. अशा भूमीत रान कोठे संपते आणि परसू कोठे सुरू होते, हे सांगणे कठीण असते. म्हणूनच येथील कौलारू घरात राहणाऱ्यास रात्री माळ्यावरची धावपळ नवी नसते. कधी ती उंदराची असते, कधी मांजराएवढ्या एखाद्या जड जनावराची. सकाळी पाहावे तो कौल सरकलेले, कणगीच्या तळाशी भोक पडलेले आणि माळ्यावर फणसाच्या आठळ्या पसरलेल्या असतात.

अशा वेळी घरातील माणसांच्या मनात पहिला विचार येतो तो मारण्याचा. काठी, सापळा अथवा विष यांपैकी जे हाताशी असेल ते वापरले जाते. परंतु एक उंदीर मेल्याने भोक बुजत नाही, आणि भोक उघडे असले की दुसरा उंदीर येतोच. उपद्रवी प्राण्यांचा खरा बंदोबस्त त्यांना मारण्यात नसून त्यांची वाट अडविण्यात आणि त्यांचे अन्न झाकण्यात आहे. ही गोष्ट प्राथमिक शाळेतील मुलांना समजली, तर ती घरोघरी पोहोचण्यास वेळ लागणार नाही. या विषयाची माहिती शिक्षकांस वर्गात व शाळेच्या आवारात उपयोगी पडावी, या हेतूने पुढे दिली आहे.

उपद्रव कशास म्हणावे

कोणताही प्राणी जन्मतः उपद्रवी नसतो. धामण शेतात असते तेव्हा ती उंदीर खाऊन शेतकऱ्याचे धान्य राखते. तीच स्वयंपाकघरात शिरली की घाबरगुंडी उडते. गव्हाणी घुबडास अशुभ मानून हाकलणारे लोक हे विसरतात की, त्याचा मुख्य आहार उंदीरच होय. चिचुंद्री दिसण्यास उंदरासारखी असली तरी ती उंदीर नव्हे. तिचे खाणे मुख्यतः झुरळे व किडे यांचे. पाकोळ्या रात्रभर डास व किडे टिपतात. मुंगसाचे काम तर सर्वांस ठाऊक आहे. तेव्हा शिक्षकांनी मुलांस प्रथम हे समजावून द्यावे की, प्रश्न प्राण्याचा नसून जागेचा आहे. बागेत जो मित्र, तोच माजघरात उपद्रवी ठरतो; आणि त्याला बागेतच ठेवणे हे घर बांधणाऱ्याचे व घर राखणाऱ्याचे काम आहे.

प्राणी घरात येतो तो तीन गोष्टींसाठी : अन्न, आसरा आणि पाणी. या तिन्हींपैकी दोन जरी त्यास मिळेनाशा झाल्या, तरी तो आपण होऊन अन्यत्र जातो. पुढील सर्व उपाय या एकाच तत्त्वावर आधारलेले आहेत.

माळ्यावरील उदमांजर

कोकणात ज्यास उदमांजर किंवा कांडेचोर म्हणतात, तो प्राणी मांजराच्या कुळातील नाही. लांबट धड, आखूड पाय, जवळजवळ धडाइतकीच लांब शेपटी, करड्या अंगावर काळसर ठिपके व पट्टे आणि डोळ्यांभोवती काळा मुखवटा घातल्यासारखा चेहरा, अशी त्याची ओळख आहे. वजन साधारणपणे दोन ते पाच किलो भरते. तो निशाचर असून झाडावर व छपरावर सहज चढतो. फळे हे त्याचे आवडते खाणे. शिवाय किडे, उंदीर, पक्ष्यांची अंडी हेही तो खातो. खाल्लेल्या फळांच्या बिया त्याच्या विष्ठेतून दूरवर पडतात व रुजतात. त्यामुळे रानाच्या पेरणीस त्याचा मोठा हातभार लागतो.

मूळचा झाडाच्या ढोलीत राहणारा हा प्राणी माळ्याकडे का वळतो, याचे उत्तर सोपे आहे. जुनी झाडे तुटली की ढोल्या नाहीशा होतात; आणि कौलांखालचा काळोखा, कोरडा, उबदार माळा ही त्यास आयती मिळालेली ढोलीच होय. घरावर टेकलेली आंब्याची फांदी हा त्याचा जिना, आणि सरकलेले कौल हे त्याचे दार.

हे केवळ कोकणातच घडते असे नाही. उत्तर अमेरिकेत रॅकून नावाचा, तसाच डोळ्यांवर काळा पट्टा असलेला प्राणी माळ्यावर व धुराड्यात घर करतो. त्याची कथा बोधप्रद आहे. जर्मनीत १९३४ साली एडर सरोवराच्या काठी रॅकूनच्या काही जोड्या हौसेने सोडण्यात आल्या. आज तेथील शहरांतील छपरांवरही त्यांचा वावर आहे. जपानमध्ये १९७७ साली रॅकूनच्या पिलावर बेतलेली एक चित्रमालिका दूरदर्शनवर गाजली. तेव्हा शेकडो घरांनी हे पिलू पाळण्यास आणले. ते मोठे होऊन चावू-ओरबाडू लागताच अनेकांनी त्यास रानात सोडून दिले. त्याची प्रजा पुढे इतकी वाढली की, जुन्या लाकडी देवळांच्या छपरांचीही तिने नासधूस केली. यावरून मुलांनी एक गोष्ट मनाशी बांधावी : रानातील पिलू कितीही गोजिरवाणे दिसले तरी ते घरी आणून पाळू नये. उदमांजराचे पिलूही यास अपवाद नाही. शिवाय भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने उदमांजरास संरक्षण दिलेले आहे; त्यास मारणे, पकडणे किंवा पाळणे हा गुन्हा होतो.

मग माळा मोकळा कसा करावा? प्रथम वाट शोधावी. दिवसा माळ्यावर जाऊन अंधारात उभे राहिले असता ज्या फटीतून उजेड येतो, त्या सर्व फटी नजरेस पडतात. संशयित वाटेवर संध्याकाळी चाळलेली राख पसरावी. सकाळी पावलांच्या ठशांवरून प्राणी आत गेला की बाहेर पडला, हे कळते. काही दिवस माळ्यावर दिवा लावून ठेवावा व माणसांची ये-जा वाढवावी. उजेड आणि वर्दळ त्यास आवडत नाही. तो रात्री चरावयास बाहेर पडल्याची खात्री झाली म्हणजे त्याच रात्री वाट बंद करावी. मात्र त्यापूर्वी माळ्यावर पिले नाहीत ना, हे अवश्य पाहावे. पिले आत आणि आई बाहेर अशी ताटातूट झाली, तर आई कौले उचकटते आणि पिले आतच उपासाने मरतात. पिले असल्यास ती हिंडूफिरू लागेपर्यंत काही आठवडे धीर धरावा, अथवा वनखात्यास १९२६ या क्रमांकावर कळवावे.

वाट बंद करण्यास चिंध्या, कागद वा गवत उपयोगी नाही. वासे व भिंत यांमधील पोकळी जांभ्याचे तुकडे व सिमेंट घालून भरावी. हवा खेळावी अशा जागी पाव इंच छिद्राची जाड तारेची जाळी ठोकावी. छपरावर आलेल्या फांद्या निदान दोन मीटर मागे छाटाव्यात. वानरे व माकडे कौले फोडतात त्यांसही याच फांद्या वाट देतात. त्यांना कौतुकाने खाऊ घालणे हे तर उपद्रवास हाताने बोलावणेच होय. समुद्रकिनारी आलेल्या पर्यटकांनाही मुलांनी हे नम्रपणे सांगावे.

उंदीर व घूस

उदमांजर कौले सरकवते. उंदीर मात्र माणसाचे आरोग्यच पोखरतो. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. ते झिजविण्यासाठी त्यास सतत काहीतरी कुरतडावे लागते. म्हणून न खाण्याच्या वस्तूही तो कातरतो. उंदरीण सुमारे तीन आठवड्यांत विते. घरातील लहान उंदीर सुमारे सहा मिलिमीटर फटीतून आत येतो. मोठ्या उंदरास सुमारे बारा मिलिमीटर पुरतात. दाराखालून पेन्सिल सरकत असेल तर उंदीरही येऊ शकतो, ही खूण मुलांच्या चटकन ध्यानात राहते.

उंदरामुळे काय होऊ शकते याचा धडा मुंबई इलाख्याने फार मोठी किंमत देऊन घेतला. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. लोक भयाने शहर सोडून गावोगाव पांगले आणि त्यांच्याबरोबर रोगही पसरला. १८९७ च्या जानेवारीत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. त्यांच्या प्रयोगशाळेतूनच परळची आजची हाफकिन संस्था उदयास आली. तरीही रोग घराघरांत कसा शिरतो हे कोडे सुटले नव्हते. ते १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्यांनी सोडविले : मेलेल्या उंदराच्या अंगावरून उडालेली पिसू माणसास चावते व रोग देते. म्हणजे घरात उंदीर पटापट मरून पडणे ही सुटका नसून धोक्याची सूचना होती.

आजच्या कोकणात अधिक जागरूक राहावे असा रोग म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. याचे जंतू उंदरांच्या व इतर जनावरांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात व चिखलात उतरतात आणि पायांवरील भेगा, जखमा किंवा डोळे-तोंड यांवाटे माणसाच्या शरीरात शिरतात. २००५ च्या जुलैमधील महापुरानंतर मुंबईत या रोगाने अनेकांचे बळी घेतले. भातलावणीच्या दिवसांत अनवाणी चिखलात उतरणाऱ्या शेतकऱ्यास व वाटेतील डबकी तुडवीत शाळेत येणाऱ्या मुलास हा धोका असतो. पायावर जखम असल्यास ती झाकावी, घरी आल्यावर पाय साबणाने धुवावेत, आणि पावसाळ्यात ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना किंवा डोळे लाल अथवा पिवळे होणे ही चिन्हे दिसताच प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. वेळीच औषध मिळाल्यास रोग बरा होतो. अंगावर काढल्यास मूत्रपिंड व यकृत निकामी होऊ शकते.

विषाच्या वापराविषयी शिक्षकांनी पालकांस स्पष्ट शब्दांत बजावावे. उंदीर मारण्याच्या लेपात पिवळा फॉस्फरस असल्यास तो अत्यंत घातक असतो; तो पोटात गेल्यावर त्यावर खात्रीचा उतारा नाही. पावाच्या किंवा भज्याच्या तुकड्यास लावलेले विष लहान मूल खाऊ म्हणून उचलते. शिवाय विष खाल्लेला उंदीर खाऊन मांजर, घुबड व धामणही मरू शकते, आणि उंदीर आवरणारेच नाहीसे होतात. म्हणून शाळेच्या आवारात विष मुळीच वापरू नये. घरी पिंजरा वापरावा आणि भोके बुजवावीत.

मारण्याने प्रश्न सुटतो काय?

या प्रश्नाचे उत्तर रत्नागिरी जिल्ह्याच्याच इतिहासात सापडते. फुरसे हा लहान पण विषारी साप येथील सड्यांवर व गडग्यांत पूर्वीपासून विपुल आहे. एकोणिसाव्या शतकात सरकारने फुरसे मारणाऱ्यास बक्षीस लावले. १८६२ च्या डिसेंबरात अवघ्या आठ दिवसांत एक लाखाहून अधिक फुरशी मारली गेल्याची नोंद आहे. इतका संहार झाला, त्यानंतर दीड शतकाहून अधिक काळ लोटला, आणि फुरसे आजही त्याच सड्यांवर आहे. १९०२ साली हनोई शहरात फ्रेंच सरकारने उंदराच्या शेपटीमागे बक्षीस दिले, तेव्हा लोक शेपूट कापून उंदीर सोडून देऊ लागले. काहींनी तर बक्षिसासाठी उंदीर पाळले. ज्या उपायात कारण तसेच राहते, तो उपाय कितीही जोराने केला तरी टिकत नाही, हेच या दोन्ही उदाहरणांवरून दिसते.

साप व विंचू

साप घरात येतो तो बहुधा उंदीर, पाल वा बेडूक यांच्या मागावर. उंदीर हटले की सापाचे येणे पुष्कळ कमी होते. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चार विषारी साप लक्षात ठेवावेत. भारतात मिळणारी प्रतिसर्पविष लस या चारांवर चालते. फुरसे दगडांच्या फटीत व पालापाचोळ्यात दडते. म्हणून गडग्याच्या फटीत हात घालू नये व तेथून चेंडू काढावयाचा तर काठीने काढावा. मण्यार रात्री हिंडते. तिचा दंश इतका सूक्ष्म असतो की जमिनीवर झोपलेल्या माणसास तो जाणवतही नाही, आणि पहाटे पापण्या जड होऊन श्वास कोंडू लागतो. यास्तव पावसाळ्यात भुईवर अंथरूण घालू नये. बाज नसल्यास मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचाव्यात. एवढ्या साध्या उपायाने डास, विंचू व मण्यार या तिघांपासून रक्षण होते.

सर्पदंश झाल्यास जखम कापणे, चोखणे, करकचून बांधणे किंवा मांत्रिकाकडे नेणे यांत अमूल्य वेळ जातो. रोग्यास धीर द्यावा, दंश झालेला अवयव काठीच्या आधाराने स्थिर ठेवावा, चालवू नये, आणि १०८ क्रमांकास कळवून थेट रुग्णालयात न्यावे. लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी कोकणात अनेक मुले दगावत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग सिद्ध करून हे मृत्यू फार कमी केले. परंतु औषधाचा लाभ होतो तो वेळेवर पोहोचणाऱ्यासच. सकाळी कपडे, दप्तर व पायताण झाडून मगच वापरावे, ही सवय शाळेतच लागावी.

शाळेचे कोठार

शाळेत मुलांच्या जेवणाचा तांदूळ साठविला जातो. १९९५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पोषण आहार योजनेस २०२१ पासून प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण असे नाव आहे. हा तांदूळ म्हणजे गावातील लहानांत लहान मुलाच्या ताटातला घास. त्याच्या रक्षणाची जबाबदारी शाळेची आहे. त्यासाठी पुढील गोष्टी पाळाव्यात :

पोती भुईवर न ठेवता लाकडी घडवंचीवर ठेवावीत व भिंतीपासून हातभर अंतर सोडावे, म्हणजे मागे काय चालले आहे ते दिसते. आधी आलेले पोते आधी वापरावे. डाळ, तेल व मसाला घट्ट झाकणाच्या डब्यात असावा. दाराच्या तळाशी पत्र्याची पट्टी ठोकावी आणि मोरीच्या तोंडास जाळी बसवावी. जेवणानंतर सांडलेली शिते त्याच वेळी गोळा करून झाकणाच्या बादलीत टाकावीत. रात्रीपर्यंत राहिलेले उष्टे म्हणजे उंदरास दिलेले आमंत्रण होय. आठवड्यातून एकदा कोठार पाहून लेंड्या, कुरतडलेले पोते व भिंतीलगतचे तेलकट माग आहेत काय, याची वहीत नोंद करावी. लेंड्या कोरड्या झाडूने झाडू नयेत. ब्लीचिंग पावडरचे पाणी शिंपडून, काही वेळाने ओल्या फडक्याने पुसाव्यात. लेंड्या वा मूत्र पडलेला तांदूळ शिजविण्यास घेऊ नये.

या बाबतीत जुन्या गृहिणींचे शहाणपण आठवावे. तुळईस टांगलेले शिंके, पायांवर उभे केलेले फडताळ, शेणाने लिंपलेली कणगी, सारवलेली भुई, ही सर्व साधने याच तत्त्वावर रचलेली होती : अन्न उंच ठेवावे, झाकून ठेवावे, आणि भुई अशी राखावी की नवे बीळ पहिल्याच दिवशी दिसावे.

वर्षाचा क्रम

कोकणातील घराची कामे ऋतूंशी बांधलेली असतात. उपद्रवाचा बंदोबस्तही त्याच क्रमात बसवावा. वैशाखात शाकारणी करताना फुटकी कौले बदलावीत, वासे वाळवीसाठी तपासावेत, माळा रिकामा करून झाडावा आणि छपरावरच्या फांद्या छाटाव्यात. लाकूडफाटा भिंतीस टेकवून न रचता घरापासून दूर, दगडांवर उंच रचावा. भिंतीला लागलेल्या ढिगात वाळवी, विंचू व फुरसे यांस एकदमच आसरा मिळतो. पावसाळ्यात पाणी तुंबू देऊ नये व अंगणातील गवत वाढू देऊ नये. अश्विन-कार्तिकात भात घरात येण्यापूर्वी कणग्या लिंपून घ्याव्यात, कारण शेत मोकळे होताच शेतातला उंदीर घराकडे वळतो. पेंढ्याची उडवी घरापासून दूर असावी. माडाच्या बुंध्यास डोक्याहून उंच जागी गुळगुळीत पत्र्याचा पट्टा बांधल्यास उंदीर वर चढू शकत नाही. आंब्या-फणसाच्या दिवसांत गळलेली फळे रोज वेचून खड्ड्यात पुरावीत, म्हणजे उदमांजर घराभोवती घुटमळणार नाही.

विद्यार्थ्यांनी करावयाचे काम

तिसरी-चौथीच्या मुलांस परिसर अभ्यासाच्या तासाला पुढील काम द्यावे. प्रत्येकाने आपल्या घराचा साधा आराखडा काढावा व ज्या ज्या जागी पेन्सिल आत जाते तेथे लाल खूण करावी. अन्न उघडे राहते अशा जागा निळ्या रंगाने दाखवाव्यात. मोठ्या माणसाबरोबरच पाहणी करावी. बिळात, फटीत वा कौलाखाली हात घालू नये. एक महिन्याने पुन्हा पाहणी करून किती खुणा पुसता आल्या ते मोजावे. लाल खुणा मोजताना गणित होते, आराखडा काढताना भूगोल होतो, आणि फट बुजविताना आरोग्यशास्त्र होते.

डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये राहणाऱ्या गावास शेजारी म्हणून वन्य प्राणी असणारच. त्या शेजाऱ्यांनी बागेत फळ खावे, शेतात उंदीर धरावा आणि माणसाने आपल्या माळ्याखाली निर्धास्त झोपावे, यात कोणाचेच नुकसान नाही. त्यासाठी हवी असते ती हातात काठी नव्हे, तर वेळेवर बसविलेले एक कौल, झाकलेला एक डबा आणि बुजविलेली एक फट.